जुनी विहीर बुजवू नका

ऐतिहासिक वास्तू म्हटले की सगळ्यांना किल्ले, राजवाडे आणि देवळे आठवतात. आपल्या सातारा जिल्ह्यात अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड हे किल्ले आहेत. त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण मला वाटते, विहीर पण ऐतिहासिक वास्तूच असते. आणि ती शेतकऱ्यांच्या कामाची असते.

सातारा तालुक्यात लिंब गावाजवळ बारा मोटांची विहीर आहे. ती श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. ती सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद आहे. तिला आठ कोन आहेत. आत खाली उतरायला पायऱ्या आहेत आणि छोटासा महालसुद्धा आहे. पण ती नुसती बघायला बांधली नव्हती. तिचे पाणी आमराईला देत होते.

माझ्या आजोबांनी मोट चालवली आहे. ते सांगतात, मोट चामड्याची असायची. बैल धावेवरून खाली चालत गेले की मोट भरून वर यायची. पाणी थारोळ्यात पडायचे आणि पाटाने रानात जायचे. त्याला ना लाईट लागायची, ना इंजिन.

आपल्या गावातही जुनी दगडी विहीर आहे. लोक तिच्यात कचरा आणि फुटक्या बाटल्या टाकतात. काही मोठी माणसे म्हणतात, "आता घरोघर नळ आलेत. विहीर बुजवा, गाड्या लावायला जागा होईल." काही आया म्हणतात, "एखादं पोर पडेल." आयांचे म्हणणे खरे आहे. पण त्यासाठी कठडा बांधता येतो, वर जाळी बसवता येते. रस्त्यावर अपघात होतो म्हणून कोणी रस्ता बुजवतो का?

लाईट गेली की नळाला पाणी येत नाही. विहिरीतले पाणी मात्र दोर आणि बादली असली की काढता येते. ते गुरांना होईल, शाळेच्या झाडांना होईल. गाड्यांना दुसरी जागा मिळेल. पण बुजवलेली विहीर परत कोण बांधून देणार?

म्हणून पालकांनो, ग्रामसभेत एवढे सांगा : विहिरीतला गाळ काढा आणि कठडा बांधा. आम्ही मुले तिच्यात कचरा टाकणार नाही, आणि दुसऱ्यालाही टाकू देणार नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी