टाळ्या कशाला वाजवता?

'मर्दानी' हा चित्रपट आला २०१४ साली. केनवडला आम्ही तो घरच्या दूरचित्रवाणीवर पाहिला. शेजारपाजारची मंडळीही होती. मुंबईच्या गुन्हे शाखेतली अधिकारी शिवानी रॉय, आणि तिने लेकीसारखी मानलेली फुले विकणारी अनाथ प्यारी. पोर नाहीशी होते आणि बाई मुलींचा बाजार मांडणाऱ्या टोळीचा माग काढीत सुटते. राणी मुखर्जीचे काम झकास झाले आहे. तेथवर माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती शेवटाबद्दल. हाती सापडलेल्या नराधमाला ही पोलीसबाई कोर्टात उभे करीत नाही. सुटलेल्या मुलींपुढे टाकते, आणि त्या त्याला तुडवून ठार करतात. आमच्याकडे टाळ्या पडल्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "गुरुजी, अशायले असंच पाह्यजे!"

असंच पाहिजे? मग १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला काय झाले? मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथल्या आठवडे बाजारात आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाइलवरून त्यांच्याआधीच पोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मारणारा प्रत्येकजण आपल्या मनात मूल वाचवणारा नायकच होता की! पुढे १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेच्या वावटळीत गेले.

कुणी म्हणेल, चित्रपटातला माणूस खरोखरच गुन्हेगार होता. अहो, तेच तर! पडद्यावर गुन्हेगार कोण, हे दिग्दर्शक आपल्याला आधी दाखवून ठेवतो. भर बाजारात ते कोण दाखवणार? त्यासाठीच न्यायालय लागते, मग ते वेळखाऊ का असेना.

मुलाला जपण्याचे खरे काम असे दणदणीत नसतेच. बालकावरील लैंगिक अत्याचार ठाऊक असेल त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असे २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आज देशभर चालतो. पण नाव भावकीतल्या माणसाचे निघाले की टाळ्या वाजवणारीच मंडळी हलक्या आवाजात म्हणतात, "जाऊ द्या ना गुरुजी, पोरीचं लगन कसं होईन?"

मी कळवतो. मग त्या घरची माणसे रस्त्यात ओळख दाखवीत नाहीत.