पालाशाचा जमाखर्च

एखादा व्यापारी मुद्दल खाऊन पेढी चालवूं लागला, म्हणजे त्याचें दिवाळें केव्हां वाजणार एवढाच प्रश्न उरतो. ही गोष्ट बाजारपेठेंतील पोरासही कळते. परंतु आपलीं शहरें ज्या पेढीवर जगतात, ती जमिनीची पेढी आपण मुद्दलावर चालवीत आहों, हें आमच्या नागरिक बंधूंच्या गांवींही नाहीं. म्हणून त्या वहीचें एक पान आज वाचकांपुढें उघडून ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नत्र, स्फुरद व पालाश हीं पिकाचीं तीन मुख्य अन्नें होत. पैकीं नत्राचा सांठा हवेंत अपार आहे. तूर, हरभरा यांच्या मुळांवरील गांठींतले जंतु तें हवेंतून उतरवून घेतात. पालाशास, म्हणजे रसायनशास्त्रज्ञांच्या पोटॅशियमास, ही वाट मोकळी नाहीं. तें खडकांतून यावयाचें. अभ्रक, फेल्स्पार हीं खनिजें झिजतां झिजतां तें सुटतें व चिकणमातीच्या कणांस धरून राहतें. जमिनींतील एकंदर सांठा मोठा दिसला, तरी शेंकडा नव्वदांहून अधिक भाग खनिजांत कोंडलेला असतो; मुळांच्या हातीं तत्काळ लागणारा अंश बहुधा शेंकडा एकदोनच. तिजोरी भरलेली, पण गल्ल्यांत चिल्लर, असा हा प्रकार आहे.

निसर्गानें हा व्यवहार मोठ्या चोखपणें लावून दिला होता. पालाश वनस्पतीच्या रसांत विरघळलेलें असतें. पान गळलें कीं पावसानें तें धुऊन पुन्हां मातींत जातें. ज्वारीसारख्या धान्यांत त्याचा मोठा भाग दाण्यांत नसून कडब्यांत असतो. कडबा गुरांनीं खाल्ला, तर तो भाग बहुतांशीं गोमूत्रावाटे बाहेर पडतो. माती, पीक, गुरें आणि पुन्हां माती, असें हें चक्र. येथें व्याज कोणी मागत नाहीं. मुद्दल परत आलें म्हणजे पुरे.

मग हें चक्र तुटतें कोठें? शहराच्या वेशीवर! जळगांव जिल्ह्यांतील रावेर-यावलकडची केळी घ्या. केळ्याच्या एक टन गरांत सुमारें साडेतीन किलो पोटॅशियम असतें. गाड्या भरभरून माल उत्तरेस जातो. साली तिकडच्या उकिरड्यावर पडतात, आणि शेतास परत येतें तें काय? केवळ पैसा. आमचें स्वतःचें वर्तन तरी काय आहे? माणशी दिवसास दोनच ग्रॅम पोटॅशियम पोटांत जातें असें धरिलें, तरी एक लाख वस्तीचें शहर रोज 200 किलो, म्हणजे वर्षास 73 टन, फस्त करितें. प्रौढ मनुष्याचें शरीर तें सांठवून ठेवीत नाहीं; बहुतेक सर्व मूत्रावाटे जातें. गटारांतून नदी व नदींतून समुद्र, हा त्याचा पुढचा प्रवास.

कोणी म्हणेल, "खत विकत घ्यावें, एवढा ऊहापोह कशास?" घ्यावें खरें, पण कोणाकडून? खनिज पालाश हिंदुस्थान जवळजवळ सर्वस्वी परदेशांतून आणतो. कानडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल हे आपले पुरवठेदार. 2022 सालीं युक्रेनचें युद्ध पेटलें, बेलारूसवर निर्बंध होते, आणि भाव कसे भडकले हें खतांच्या दुकानदारांस विचारावें. त्यांत आमच्या धोरणाची तऱ्हा अशी कीं, युरियाची किंमत सरकारनें बांधून ठेविली, आणि पालाशाची 2010 सालीं ठराविक अनुदान देऊन बाजारावर सोडिली. स्वस्त तें शेतकरी अधिक टाकतो. दोष त्याचा नव्हे. नत्रानें पीक तरारतें, आणि तरारलेलें पीक जमिनींतील पालाश अधिक वेगानें उपसतें.

आमच्या काळ्या जमिनी पालाशानें संपन्न आहेत, असा दुसरा आक्षेप येईल. तो खोटा नाहीं. पण वडिलार्जित इस्टेट मोठी आहे, सबब वारसानें ती उधळावी, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

उपाय घरचेच आहेत. शेतकऱ्यानें उंसाचें पाचट जाळूं नये, केळीचीं खोडें शेतांतच कुजवावीं, गोठ्यास फरशी व मोरी करून गोमूत्र खतांत न्यावें. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारें सांडपाणी जाळून जी राख मिळते, तिच्यापासून शेंकडा साडेचौदा पालाशाचें खत होतें. त्यास 2021 सालीं अनुदानही मिळालें. कारखानदारांनीं हें काम झटून हातीं घ्यावें. नगरपालिकांनीं ओला कचरा निराळा घेऊन त्याचें खत करावें, आणि कारखान्यांचें विषारी पाणी मैल्यांत मिसळूं देऊं नये. नाहींतर मैलापाणी शेतास देणें म्हणजे देण्याच्या नांवाखालीं विष देणें होय. आणि व्यापारी बंधूंनीं? मंडईंतला रोजचा पाला गाडीभर उकिरड्यावर जातो, तो शेताकडे वळवावा. एवढें तरी त्यांच्या हातचें आहे.

देणेकऱ्यानें देणें बुडविलें, तर सावकार कोर्टांत दावा लावितो. समन्स येतें, मुदत मिळते, तडजोडही होते. जमीन दावा लावीत नाहीं, नोटीसही देत नाहीं. ती एके वर्षीं देण्याचें थांबते, इतकेंच. तो दिवस येण्यापूर्वीं वही नीट करणें हेंच शहाणपणाचें.