ब्रेक गाळू नये

आगगाडीच्या इंजिनाची लहान प्रतिकृती करणारे कित्येक विद्यार्थी चाकांलगतचे ब्रेक गाळतात. त्यांनी काही थांबत नाही, मग खटपट कशास, असे ते म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. जालन्यावरून धावणारी मीटरगेज गाडी १९९० च्या दशकात रुंद रुळांस जागा देऊन गेली. तिचे इंजिन या मुलांनी पाहिलेच नाही. प्रतिकृतीत जे गाळले, ते त्यांच्या लेखी कधी नव्हतेच.

काम चिकाटीचे आहे खरे. रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्यातून तुकडे कापून कानशीने साफ करावे, अर्धवट कोरलेली रेघ आतल्या अंगास ठेवून वाकवावे, मग डाख द्यावा. मात्र ठोकळे चाकांस टेकू देऊ नयेत. दोन्ही रुळांतील वीज पितळातून जुळते आणि इंजिन जागीच अडते. मध्ये पोस्टकार्ड सरकले म्हणजे पुरे.