खेळण्यातली शर्यतीची मोटार

खरी पोर्शे उघडून पाहायला आपल्याला कोण देणार? जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीने मात्र पोर्शे ९११ विकत घेऊन ती चक्क सुटी केली आणि १९७६ साली पोर्शे ९३४ ची बारापट लहान प्लास्टिक प्रतिकृती बाजारात आणली. अशा संचात चाके, आसने सारे सुटे येते. जोडायचे आपण.

संच महाग, म्हणून घाई परवडत नाही. भाग पिळून तोडू नका, कापून काढा. साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही. आधी कोरडेच जुळवून पाहा. यातला गोंद प्लास्टिक वितळवून सांधतो. थेंब जास्त पडला की डाग कायमचा. काचेला पांढरा फेव्हिकॉल बरा. रंगाचे हात पातळ द्या, एक वाळल्यावरच दुसरा.

पालकांना आमचे सांगणे वेगळे. या गोंदाची आणि रंगाची वाफ बाधते, शिवाय दोन्ही पेट घेतात. एकाच खोलीत संसार असेल तर स्टोव्ह आणि तान्ह्या बाळापासून दूर, दाराबाहेर बसू द्या. आणि मुलगी जोडत बसली असेल तर भांड्यांसाठी तिला मधेच उठवू नका. सांधा वाळेपर्यंत धरून ठेवावा लागतो.