गाडी विकणे आहे, फळीसकट

आमच्या दारातली जुनी ओम्नी आम्ही यंदा दिवाळीनंतर विकली. घरची गाडी विकणे ही काही वार्षिकांकात लेख लिहिण्याजोगी घटना नव्हे, असे कुणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु त्या दोन महिन्यांत जे पाहिले, त्यावरून माझे एक मत बनले आहे आणि ते वाचक मित्रमैत्रिणींपुढे मांडावेसे वाटते. अपंग माणसासाठी बदल करून घेतलेली गाडी साध्या बाजारात किंवा मोडीत जाऊ नये. ती तशाच गरजेच्या घरी, वाजवी किमतीला आणि तिचे दोष सांगून गेली पाहिजे.

प्रथम गाडीविषयी. माझे चुलते, म्हणजे आमचे तात्या, विहिरी खोदण्याच्या कामावर होते. २०१५ साली यारीचा दोर तुटला आणि ते खाली पडले. कमरेखालचे अंग गेले. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून त्यांना मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे म्हणजे चार माणसे आणि एक घोंगडे लागे. एस.टी. अपंगांना तिकिटात मोठी सवलत देते, पण एस.टी.च्या पायऱ्या कोण चढवणार? माझे वडील दुसऱ्याची वडापची जीप चालवतात. त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढून २०१७ साली ही २०१२ ची ओम्नी घेतली. कराडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून मागची सीट काढून घेतली, मागच्या दाराला दुमडणारी सहा फुटी लोखंडी फळी बसवली आणि तळाला खुर्ची बांधायचे हूक लावले. खर्च आला १८ हजार.

त्या फळीने तात्यांना घराबाहेर आणले. ते बँकेत गेले, लग्नांना गेले, पंढरपूरला गेले. माझ्या अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी ते खुर्चीवर बसून दुपारपर्यंत माझ्याबरोबर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढले नव्हते. मुलीला एवढे शिकवून काय करायचे, असे म्हणणाऱ्या पाहुण्यांना तात्यांनीच उत्तर दिले होते. गेल्या वर्षी तात्या गेले. गाडी चिंचेखाली उभी राहिली. कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत, ते चालूच होते.

गाडी विकायला काढली तेव्हा एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने सांगितले, "फळी, हूक काढा, मागे सीट बसवून आणा, ७५ हजार देतो. आहे अशी हवी तर ६०." सीट बसवायला ६ हजार लागणार होते. मी त्या व्यापाऱ्याला दोष देत नाही. त्याच्याकडे येणारे गिऱ्हाईक माणसे मोजते किंवा भाजीचे क्रेट मोजते. पण मला आश्चर्य वाटले ते हिशेबाचे. ज्या १८ हजारांच्या लोखंडाने एका माणसाला आठ वर्षे जग दाखवले, त्याची बाजारातली किंमत शून्यही नव्हती, शून्याच्या खाली होती. आणि त्याच वेळी कुठल्या तरी घरी असेच लोखंड नव्याने जोडून घेण्यासाठी कुणीतरी कर्ज काढत असणार. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. गरज नाही असे नाही. गरज आणि वस्तू यांची गाठ पडत नाही, हे खरे दुखणे आहे.

सरकारचे लक्षही बहुधा नव्या गाडीकडे गेले. वस्तू व सेवा करात सवलत दिली गेली ती ४० टक्के वा अधिक अस्थिव्यंग असणाऱ्यांना, छोट्या नव्या मोटारीवर, आणि पाच वर्षे ती विकायची नाही या अटीवर. वडापची जीप चालवणाऱ्याला नवी मोटार कुठली? कायद्यात मात्र चांगल्या गोष्टी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४१ वे कलम वाहनांत बदल करून देण्यासाठी योजना आखायला सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांचे वाहन म्हणजे खास बांधलेलेच, नुसते फेरबदल केलेले नव्हे, असे स्पष्ट म्हटले होते. २०१९ च्या दुरुस्तीने फेरबदल केलेली गाडीही त्या व्याख्येत आली. नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता मात्र घ्यावी लागते. आम्ही ती घेतली नव्हती. ही आमची चूक, आणि विकताना ती आडवी आली.

शेवटी तात्यांना व्यायाम शिकवणाऱ्या मिरजेच्या बाईंनी सांगलीचे एक घर सुचवले. घरात आई आणि तेरा वर्षांचा मुलगा. त्याचे स्नायू दिवसेंदिवस कमजोर होत चाललेले. आई त्याला पाठीवर घेऊन शाळेत पोचवत असे आणि आता ते तिला झेपत नव्हते. आबा आणि मी कराड, पेठ नाका करीत गाडी घेऊन सांगलीला गेलो. मुलगा खुर्चीवरून फळीवर चढला आणि आत बसून हसू लागला. ७० हजारांवर बोलणे झाले.

दोष सांगणे बाकी होते. आबांनी काही सांगितले. गाडीची पंधरा वर्षांची मुदत जवळ आली आहे, बदलाची नोंद कागदावर नाही. उंब्रजजवळ एकदा ब्रेक दाबल्यावर खुर्ची कलंडली होती, म्हणून पुढे आणखी दोन हूक लावले, चारही बांधल्याशिवाय गाडी हलवू नका. पण एक गोष्ट ते बोलले नाहीत. ओम्नीचे छप्पर बुटके. तात्यांना मान वाकवूनच आत जावे लागे. हा मुलगा वाढता आहे. दोन वर्षांत त्याचे डोके वर टेकेल. मी आबांकडे पाहिले, त्यांनी नजर चुकवली. मग मीच म्हटले, "मावशी, ह्याची उंची वाढली की ही गाडी पुरायची नाही. आणि फळी फार उभी आहे. इमारतीत एक फूट उंचीला बारा फूट उतार धरतात. इथं दीड फुटाला सहाच फूट आहे. एकट्या बाईला ढकलणं व्हायचं नाही."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग आबांना म्हणाल्या, "दादा, दोन वर्षं तर दोन वर्षं. तेवढी शाळा तर होईल. चार हजार कमी करा." व्यवहार ६६ हजारांना झाला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. परतताना आबा कराडपर्यंत बोलले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, "तात्या असता तर त्यानंही सांगितलंच असतं."

चार हजार म्हणजे माझ्या खानावळीचे दोन महिने. ते गेले याचे वाईट वाटले नाही, असे खोटे मी लिहिणार नाही. पण मी दान केले असेही कुणी समजू नये. मावशींनी पैसे मोजून गाडी घेतली, म्हणूनच त्यांना घासाघीस करता आली. फुकट दिलेल्या वस्तूचे दोष कुणी विचारत नाही.

ब्रिटनमध्ये १९७७ साली मोटेबिलिटी नावाची योजना निघाली. अपंग व्यक्तींना भत्त्यातून मोटार भाड्याने मिळते आणि मुदत संपली की ती परत जाते. आपल्याकडे एवढे होईल तेव्हा होवो. पण शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभी केली, ती काही परदेशी योजनेची वाट पाहून नव्हे.

माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने एक वही ठेवावी. सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या व्यायामोपचार करणाऱ्यांना, वेल्डिंगवाल्यांना तिची माहिती द्यावी. त्यांच्याकडे दोन्ही बाजूंची माणसे येतात. वहीत गाडीचे साल, तळाची उंची, फळीची लांबी, आतली उंची, हूक किती, बदलाची नोंद आहे की नाही आणि दोष काय, एवढे रकाने असावेत. शेवटचा रकाना कोरा असेल तर नोंद घेऊ नये.

पहिले पान लिहायला मी तयार आहे. दोन वर्षांनी सांगलीच्या त्या मुलाला उंच छपराची गाडी लागणार आहे. कुणाच्या दारात अशी उभी असेल तर कळवावे.