प्रेक्षकाचे मत आणि मुलीचा हिस्सा

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक रहस्यमालिकांचा विषय निघाला म्हणजे प्रेक्षकांच्या वतीने बोलणारे दोन पक्ष तत्काळ पुढे सरसावतात. वाहिन्यांचे चालक म्हणतात, लोकांना हेच हवे आहे. पुरोगामी मंडळी नाक मुरडून म्हणतात, लोकांना अफू पाजली जात आहे. लोकांना विचारण्याची तसदी दोघांपैकी कोणीही घेतलेली नसते. एकाच्या लेखी प्रेक्षक हे गिऱ्हाईक आहे, दुसऱ्याच्या लेखी ते अजाण बालक आहे. त्याला स्वतःचे मत असू शकते, ही शक्यता दोघांनाही गैरसोयीची वाटते.

झी मराठी वाहिनीवरील 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी ती सुरू झाली. कोकणातील नाईकांचा वाडा, घरातील कर्त्या पुरुषाचा, अण्णांचा मृत्यू, त्यानिमित्ताने एकत्र आलेली मुले-सुना, इस्टेटीवर खिळलेल्या नजरा आणि अण्णांच्या विवाहबाह्य संबंधातून जन्मलेली सुषमा, अशी तिची मांडणी होती. २०१९ साली आलेले दुसरे पर्व काळात मागे गेले आणि अण्णा व शेवंता यांच्या संबंधांची हकिगत सांगू लागले. घराण्याचे रक्त कोणाचे, वारस कोण आणि पूर्वजांच्या पापाची भरपाई कोणी करायची, हा या साऱ्या कथेचा गाभा होता. भुताखेतांचे सावट हे त्यावरचे वेष्टन होते.

मालिका सुरू होताच कोकणातून आक्षेप उठले. ही कोकणची बदनामी आहे, यातून अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, ती बंद करा, अशी मागणी झाली. पुढे दुसऱ्या पर्वात चमत्कार घडला. पत्नीला छळणारा, माणसांचे जीव घेणारा, परक्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारा अण्णा अनेक प्रेक्षकांचा लाडका झाला. यावरून प्रेक्षकांच्या अभिरुचीला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु बंदीच्या मागणीत सूर मिसळण्यापूर्वी, आणीबाणीतील प्रसिद्धिपूर्व नियंत्रण ज्या चळवळीने भोगले तिच्या वारसांनी दोनदा विचार करावा. न पटणारी कथा बंद पाडल्याने तिच्याविषयीचे मत सुधारत नाही. ते बोलून दाखवण्याची जागा तेवढी नाहीशी होते.

प्रथम, 'लोकांना हेच हवे आहे' या दाव्याचे अर्थशास्त्र पाहू. हा दावा ज्या टीआरपीच्या आकड्यांवर उभा आहे, ते आकडे २०१५ पासून 'बार्क' ही संस्था प्रसिद्ध करते. तिची मालकी प्रक्षेपक, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था या तिघांच्या संघटनांकडे अनुक्रमे ६०, २० व २० टक्के अशी वाटलेली आहे. ज्याचे मत मोजल्याचे सांगितले जाते, त्या प्रेक्षकाचा तीत छदामही नाही. निवडक घरांत यंत्र बसवून कोणती वाहिनी किती मिनिटे लागली होती, एवढेच मोजले जाते. घरांची प्रतवारी होते ती मुख्य मिळवत्याचे शिक्षण आणि घरातील टिकाऊ वस्तूंची संख्या या दोन कसोट्यांवर. म्हणजे कुटुंबाला काय वाटले, याच्याशी या गणिताला कर्तव्य नाही. घरात शीतकपाट आहे की नाही, याच्याशी मात्र आहे. २०२० साली मुंबई पोलिसांनी याच आकड्यांतील कथित गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे आकडे अनेक महिने बंद ठेवावे लागले. आणि ज्यांच्या नावाने हा बाजार चालतो, त्यांचे त्यावाचून काही अडले नाही.

डॅलस स्माइथ या कॅनेडियन अर्थतज्ज्ञाने १९७७ साली याचे मर्म नेमके पकडले होते. जाहिरातींवर चालणारी माध्यमे प्रेक्षकाला कार्यक्रम विकत नाहीत. ती जाहिरातदाराला प्रेक्षक विकतात, असे त्याचे प्रतिपादन होते. पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आठ तास कारखान्यात श्रमशक्ती विकून तो घरी येतो आणि रात्री साडेदहा वाजता त्याचे कुटुंब पडद्यासमोर बसते, तेव्हा त्यांचे लक्ष तिसऱ्याच्या हाती विकले जाते. त्याचे दाम त्यांना मिळत नाही, आणि आपला माल विकला गेला याची पावतीही नाही.

म्हणून प्रेक्षक निर्बुद्ध ठरतो काय? इतिहास तसे सांगत नाही. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. तीही प्रायोजित मालिकाच होती, तेव्हा त्या काळाला सोवळे समजण्याचे कारण नाही. परंतु तिला प्रेक्षकांची सुमारे ४ लाख पत्रे आली. कोणत्या पात्राने काय करावे, कोणाचे लग्न व्हावे, कोणाचे होऊ नये, याविषयी लोक हिरिरीने लिहीत होते. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, सोशिक भागवंतीचे उदाहरण स्त्रियांनी टाळावे या हेतूने रंगवले गेले होते, आणि अनेक स्त्रियांना तीच अनुकरणीय वाटली. प्रेक्षक लेखकाचा हेतू जसाच्या तसा गिळत नाही. तो आपल्या घरातील अनुभवाने कथा पुन्हा लिहितो. पत्रांमुळे ते निदान कळले तरी. मिनिटे मोजणाऱ्या यंत्राला ते कधीच कळणार नाही.

मग चाकणच्या परिसरात अशी कथा कोणत्या अनुभवाने वाचली जात असेल? इथे घराण्याचा प्रश्न वाड्यातील भुताच्या रूपाने येत नाही. तो सातबाराच्या उताऱ्याच्या रूपाने येतो. औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादित केल्या, मोटारींचे कारखाने उभे राहिले, माळरानाला सोन्याचे मोल आले. कालपर्यंत ज्या खडकाळ तुकड्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याच्या मोबदल्यासाठी वारसनोंदी, फेरफार आणि वाटण्या यांची धावपळ सुरू झाली. अशा वेळी बहिणींना माहेरी बोलावले जाते, गोडधोड होते, साडीचोळी होते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. या व्यवहारात खून होत नाही, कोणी झपाटले जात नाही. तरीही एक वारस कुटुंबाच्या इतिहासातून पुसला जातो.

कायदा काय म्हणतो, हे स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण तोवर विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपवला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच प्राप्त होतो, दुरुस्तीच्या दिवशी पिता हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाने अवैध विवाहातील अपत्यांनाही पित्याच्या वाट्यातून हिस्सा मान्य झाला. ज्या संबंधाला विवाहाचे रूपच नाही, त्यातील अपत्य मात्र पित्याने मृत्युपत्र केल्याखेरीज आजही त्याचा वारस ठरत नाही.

आता मालिकेच्या प्रेक्षकाकडे वळावे. सुषमेची बाजू ज्या गृहिणीला न्याय्य वाटली, ती गृहिणी आजच्या कायद्याच्याही पुढे आहे. आणि तीच गृहिणी स्वतःच्या माहेरचे हक्कसोडपत्र मुकाट्याने लिहून देते, तेव्हा ती स्वतःला मिळालेल्या कायद्याच्याही मागे राहते. हा अंतर्विरोध तिच्या मनात आहेच. मालिका त्याला स्पर्श करते आणि लगेच शाप, सूड व हत्या यांच्या धुक्यात त्याला बुडवते. मिळकतीचा प्रश्न पिशाचाचा होऊन बसतो. रहस्यमालिकेवर खरा आक्षेप घ्यायचा तर तो इथे घ्यावा. भूत दाखवले हा तिचा गौण अपराध आहे. न्यायाचा प्रश्न विचारून त्याचे उत्तर भुतावर सोपवले, हा मुख्य.

परंतु या धुक्यातून प्रश्न बाहेर काढण्याचे काम वाहिनी करणार नाही. ते ज्यांनी करायचे ते कार्यकर्ते मालिकांना बायकांचा वेळ घालवण्याचा उद्योग समजून सभेला निघून जातात. घरी परतल्यावर त्यांच्याही भावकीत बहिणीची सही घेतली जाते, आणि वर्गलढ्यावरील भाषणात त्या सहीचा उल्लेख येत नाही. कंत्राटी कामगाराच्या वेतनासाठी दारसभा घेणाऱ्याने आपल्या बहिणीच्या हिश्श्याबद्दल मौन पाळावे, याला समाजवाद म्हणत नाहीत.

याच भूमीत दुसरी परंपराही आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील ५ जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपली मते व प्रश्न केंद्राकडे पाठवीत. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्यामागचे सूत्र होते. निरक्षर शेतकऱ्यालाही मत असते आणि विचारले तर तो ते मांडतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. तेव्हा जे ध्वनिक्षेपकाभोवती शक्य झाले, ते आज भोसरीच्या चाळीत किंवा चाकणच्या भाड्याच्या खोलीत, हातातील दूरध्वनीच्या पडद्याभोवती अशक्य का असावे?

महिन्यातून एक संध्याकाळ त्यासाठी पुरे आहे. मालिकेतील वारसाचा प्रश्न स्त्रियांसमोर ठेवावा, त्यांना बोलू द्यावे, कार्यकर्त्यांनी ऐकावे आणि शेवटी सातबाराचा उतारा कसा काढतात व हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी काय वाचावे लागते, हे समजावून द्यावे. प्रत्येक कार्यकर्त्याने तत्पूर्वी स्वतःच्या घरचा उतारा काढून त्यावर बहिणींची नावे आहेत की नाहीत, ते पाहावे.