वाळपईत काय शिकवतात, ते तपासतो कोण?

पोलिसांकडून काही आगळीक घडली की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, ‘चौकशीचे आदेश दिले आहेत.’ दुसरे, ‘पोलिसांना योग्य प्रशिक्षण देण्यात येईल.’ पहिल्या वाक्यावर वर्तमानपत्रांतून निदान आठवडाभर तरी वाद होतो. दुसऱ्यावर कुणी काही बोलत नाही. प्रशिक्षण हा शब्द ऐकला की सगळ्यांचेच समाधान होते. पण योग्य म्हणजे काय, ते कोण ठरवणार आणि ते खरोखर दिले की नाही हे कोण बघणार? मला नेमके हेच विचारायचे आहे.

गोव्याचा पोलिस घडतो सत्तरीत, वाळपईच्या पोलिस प्रशिक्षण विद्यालयात. शाळा खात्याची, तिचा प्रमुख खात्याचा आणि तिथून बाहेर पडलेला शिपाई तयार झाला की नाही हे ठरवणारेही खातेच. दिल्लीचा पोलिस संशोधन व विकास ब्युरो नमुना अभ्यासक्रम पाठवतो, पण पोलिस हा घटनेनुसार राज्याचा विषय आहे, त्यामुळे जबाबदारी शेवटी आपलीच. आमच्या देवस्थानांच्या समित्यांना आपले अंदाजपत्रक मामलेदारापुढे न्यावे लागते. देवाच्या तेलवातीचा हिशेब बाहेरचा माणूस बघतो, आणि ज्याच्या हाती काठी, बेडी आणि आपली जबानी आहे त्याच्या शिकवणीचा हिशेब बघायला बाहेरचे कुणीही नाही. कायद्याने नेमलेले असे स्वतंत्र मंडळ गोव्यात नाही.

याने काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी 2008 चा फेब्रुवारी आठवावा. हणजूणच्या किनाऱ्यावर एका किशोरवयीन ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हणून हात झटकले. आईने पिच्छा पुरवला, दुसऱ्यांदा शवचिकित्सा झाली, तेव्हा कुठे खुनाचा गुन्हा नोंदला गेला. तपास सीबीआयकडे गेला. 2016 साली बाल न्यायालयाने आरोपींना सोडले आणि 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यातल्या एकाला दोषी ठरवले. अकरा वर्षे! पहिल्या काही तासांत जागा कशी राखायची, काय टिपून ठेवायचे, कोणती शंका मनात धरायची, हे शिकवण्याचेच विषय आहेत. तिथे चूक झाली की पुढचे वकील आणि न्यायाधीश कितीही हुशार असले तरी गेलेला पुरावा परत येत नाही.

आणि आता तर प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करून ते दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. वीस-पंचवीस वर्षे जुन्या कायद्यावर काढलेल्या हवालदाराला हे सगळे नव्याने शिकायचे आहे. तो शिकला की नुसता वर्गात बसून सही करून आला, हे खात्याबाहेरच्या कुणीतरी पाहायला नको का?

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. 1971 साली केंद्र सरकारने पोलिस प्रशिक्षणावर समिती नेमली. तिचे अध्यक्षपद कुणा पोलिस महानिरीक्षकाला दिले नाही. ते दिले टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे यांना. समाजशास्त्राचा प्राध्यापक पोलिसांना काय शिकवणार, असे तेव्हा कुणी म्हटले असेलही. पण 1973 साली त्यांचा अहवाल आला आणि त्याच्याच शिफारशीने दिल्लीच्या ब्युरोत प्रशिक्षणाचा स्वतंत्र विभाग निघाला. पोलिसाचे शिक्षण हा एकट्या पोलिसांचा विषय नाही, हे पन्नास वर्षांपूर्वी या देशाला कळले होते. पुढे आपण ते सोयीस्करपणे विसरलो.

सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी प्रकाश सिंह खटल्यात सात आदेश दिले. राज्य सुरक्षा आयोग, पोलिस आस्थापना मंडळ, पोलिस तक्रार प्राधिकरण वगैरे. सुरक्षा आयोगासाठी न्यायालयाने जे नमुने पुढे ठेवले त्यांतला एक ज्युलिओ रिबेरो यांच्या समितीचा. मूळ गोमंतकीय माणूस, म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो. त्यांच्या नमुन्यात मंत्री आहे, पण विरोधी पक्षनेताही आहे, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेला न्यायाधीश आहे आणि तीन बिगरराजकीय नागरिकही आहेत. अभिमान बाळगायचा तर या रचनेचाही बाळगावा.

पण त्या सात आदेशांत प्रशिक्षणाचा स्वतंत्र आदेश नाही. तक्रार प्राधिकरण म्हणजे घडा फुटल्यावर पाणी पुसणे. घडा कच्चा का भाजला, हे विचारणारी जागा त्या निकालातही राहून गेली. गोव्याने काय केले म्हणाल, तर 2007 साली तक्रार प्राधिकरण नेमले, तेही विधानसभेच्या कायद्याने नव्हे, सरकारी आदेशाने. 2008 चे पोलिस विधेयक चिकित्सा समितीकडे गेले, त्याचा कायदा झाला नाही. 1961 साली मुक्त झालेले आपले राज्य आजही 1861 च्या इंग्रजी पोलिस कायद्याखाली आहे. ज्या इंग्रजांनी आपल्यावर कधी राज्य केले नाही, त्यांचा कायदा आपण जिवापाड जपला!

पोलिस प्रशिक्षणावर कायद्याने मंडळे नेमण्याची प्रथा अमेरिकेतल्या राज्यांत जुनी आहे. तिथले सगळे चांगले, असे मी मुळीच म्हणणार नाही. उलट त्यांच्या चुकांतूनच शिकण्यासारखे जास्त आहे. कॅलिफोर्नियाने 1959 सालीच असे मंडळ काढले. पण गैरवर्तन करणाऱ्या पोलिसाचे प्रमाणपत्र काढून घ्यायला मंडळाला 2021 च्या कायद्याची वाट पाहावी लागली. तोवर दातच नव्हते. मिनेसोटात 1977 पासून मंडळ आहे, पोलिसाला परवाना लागतो. तरीही 25 मे 2020 रोजी त्याच राज्यात मिनिॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइड मारला गेला. त्याच्या मानेवर गुडघा रोवणारा डेरेक शॉव्हिन हा नव्या पोलिसांना प्रत्यक्ष कामावर शिकवणारा अधिकारी होता! त्या दिवशी बरोबर असलेल्या दोघांची नोकरी जेमतेम काही दिवसांची होती. वर्गात काहीही शिकवा, खरी शिकवणी रस्त्यावर, वरिष्ठाच्या हाताखाली होते. तिथे पोहोचत नाही ते मंडळ शोभेचे.

त्यानंतर मॅसॅच्युसेट्सने 2020 च्या डिसेंबरात कायदा करून नऊ जणांचा आयोग नेमला. नऊपैकी सहा सामान्य नागरिक, तीन पोलिस. तीन नेमणुका राज्यपालाच्या, तीन ॲटर्नी जनरलच्या, तीन दोघांनी मिळून. म्हणजे एकाच माणसाच्या खिशात सगळे मंडळ राहू नये, याची कायद्यातच तजवीज. मंडळ कसे चालेल ते अध्यक्षाच्या भाषणावरून ठरत नाही. सदस्य कोण, त्यांना कोण नेमतो, कोण काढतो आणि पैसा कुठून येतो, या चार गोष्टींवरून ठरते.

आपल्याकडे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. गृहमंत्री अध्यक्ष, गृहसचिव उपाध्यक्ष, पोलिस महासंचालक सदस्य-सचिव, आणि ‘सरकारला योग्य वाटतील असे दोन मान्यवर’. मान्यवर म्हणजे निवडणुकीत पडलेले किंवा तिकीट न मिळालेले. बैठक वर्षातून एकदा, चहा आणि काजू. असे मंडळ असण्यापेक्षा नसलेले बरे, कारण ते असले की ‘आमच्याकडे मंडळ आहे ना’ म्हणायची सोय होते.

म्हणून माझी मागणी कायद्याची आहे, आणि ती अशी. नऊ सदस्य. अध्यक्ष उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश, मुख्य न्यायमूर्तींनी दिलेल्या यादीतून. महासंचालक आणि वाळपईचे प्राचार्य असावेत, पण दोघेच. विरोधी पक्षनेता. आरोपींची बाजू मांडणारा एक फौजदारी वकील. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातला न्यायवैद्यकाचा एक प्राध्यापक. स्त्रिया आणि मुलांच्या प्रश्नांवर काम केलेली एक कार्यकर्ती. एक शिक्षक. आणि शिपाई म्हणून भरती होऊन निवृत्त झालेला एक जण, कारण प्रशिक्षणात काय निरुपयोगी होते ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक नाही. मुदत तीन वर्षांची आणि मधेच काढायचे नाही. खर्च अंदाजपत्रकात वेगळा. अंतिम परीक्षा बाहेरच्या परीक्षकांकडून. ज्या पोलिस स्थानकांत नवे शिपाई काम शिकायला जातात तिथे न सांगता जाण्याचा अधिकार, आणि तिथली शिकवण वाईट निघाली तर त्या स्थानकात पुढची तुकडी न पाठवण्याचाही. वार्षिक अहवाल विधानसभेत.

या मंडळाने आणखी एक गोष्ट पाहावी. पेडण्याची बाई मराठीत सांगते, काणकोणचा म्हातारा कोंकणीत सांगतो. त्यांची जबानी कोणत्या भाषेत लिहिली जाते, ती त्यांना वाचून दाखवली जाते का, त्यांना कळते का? भाषेच्या वादात आपण एकमेकांची डोकी फोडली, पण पोलिस स्थानकाच्या टेबलावरच्या भाषेबद्दल दोन्ही बाजूंचे वीर गप्प असतात.

गोवा लहान आहे, एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणारे भेटतीलच. लहान आहे म्हणूनच गरज जास्त. इथे सगळे एकमेकांच्या ओळखीचे, आणि वरचे आयपीएस अधिकारी केंद्राच्या सामाईक केडरमधून येतात, बदली झाली की दिल्लीला किंवा अरुणाचलला जातात. आज आलेला साहेब चांगला असेल, तर वाळपईही सुधारेल. तो गेला की? माणसे जातात तिथे नियम राहायला हवेत. शिस्तीच्या खात्यात बाहेरचे नकोत, असेही सांगतील. डॉक्टर घडवणारी महाविद्यालये बाहेरून तपासली जातात, त्याने वैद्यकीची शिस्त बिघडली नाही.

पुढच्या वेळी कुणी मंत्री ‘प्रशिक्षण देऊ’ म्हणाले की टाळ्या वाजवू नका. तपासणार कोण, ते विचारा. आणि उत्तरात त्यांनी आपलेच नाव सांगितले, तर पुन्हा विचारा.